मामा कोणत्या पाटावर?

"वहिनी, ऊस फळीच्या वर डोकं काढायला लागला हो तुमचा!"

काकांनी बादली पालथी घातली की कुंपणावर त्यांचा चष्मा उगवतो. टेक्सासातल्या आमच्या शुगर लँडची कुंपणं पुरुषभर उंच, बादलीशिवाय गप्पा नाहीत.

"काढू दे की. कॉलनीवाल्यांची नोटीस येईल तवा बघू. साखरेच्या गावात उसाला नोटीस म्हणजे बघा! तो इंपीरियलचा कारखाना तरी 2003 ला थंड झाला."

"आतली बातमी सांगू? उसाच्याच घरातली."

"सांगा. कुणाचं मोडलं?"

"मोडावं लागलं. मॅलिक आम्ल." काका निवृत्त होईपर्यंत प्रयोगशाळेत होते, त्यांच्या भानगडी अशाच असतात. "होनोलुलूत मळेवाल्यांच्या संस्थेत कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन-14 चा वायू पाजला. कॅल्विननं शेवाळात दाखवलं तसा तो आधी तीन कार्बनांच्या आम्लात सापडायला हवा. सापडला चार कार्बनांच्या मॅलिकमध्ये!"

"सापडला ना? मग झालं."

"कसलं झालं! नवरीचा मामा पंगतीत आहे एवढ्यानं भागतं का? चार पाटांतल्या कोणत्या पाटावर बसलाय ते नको कळायला? त्यासाठी रेणू तोडायचा. मॅलिकच्या टोकाचा चौथा कार्बन नेमका उडवणारं एन्झाइम आहे. तो वायू होऊन निघाला की बॅरियमच्या निवळीत धरायचा. पांढरा साका बसतो, तो मोजयंत्राखाली ठेवायचा. साका टिकटिकला तर मामा चौथ्या पाटावर. मागं उरलेलं पायरुविक टिकटिकलं तर बाकीच्या तिघांत."

"मग?"

"ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅकनी पाहिलं, 1966 ला छापलं. मामा चौथ्यावरच! थोड्या वेळानं बघतात तर तीनवाल्या आम्लाच्या पहिल्या पाटावर. म्हणजे मॅलिक नुसतं हमाल. वायू पाठीवर घेऊन पानाच्या आतल्या पेशींत ओतायचा. म्हणून कडक उन्हात गव्हाचं पान दमतं, तुमचा ऊस नाही. ज्वारी-मकाही त्याच घराण्यातली."

"तो टिकटिकणारा ऊस खाल्ला नाही ना कुणी?"

"छे! पण खरी मेख पुढं आहे. कोर्टशाककडचे आकडे पन्नाशीच्या दशकापासून संस्थेच्या वार्षिक अहवालात पडून होते. रीतसर छापले 1965 ला. रशियात कार्पिलॉवनं 1960 लाच मक्यात हेच पाहिलेलं. आणि नाव कुणाचं? हॅच-स्लॅक मार्ग!"

"आमच्या कोल्हापुरात न्हाई होय? पुरण वाटायचं थोरल्या जावेनं, पोळीचं कौतुक धाकटीचं." माझी धाकटी जाऊ ह्यूस्टनला असते, म्हणून आवाज जरा खाली घेतला. "थांबा, एक कांडं देते."

"सोलून द्या हं."

"काय हो, दातांची बी पंगत उठली का काय?"

बादली हलल्याचा आवाज आला. चष्मा खाली गेला, पण हात तेवढा फळीवर राहिला.