वजन चार्जरशिवाय

रत्नागिरीत लॅपटॉप १५.६ इंचांचा असतो. दुकानदार तसं म्हणत नाही. तो म्हणतो, "सगळे साइझ आहेत, काका," आणि फळीवरचे एकेक उघडून दाखवतो. ते सगळे १५.६ असतात. एक काळा, एक चंदेरी, एक गेमिंगवाला, त्याच्या बटणांखालून लाल-निळे दिवे धावत असतात. लहान हवा म्हटलं की तो आवाज जरा उतरवून, आजारपणाची चौकशी करावी तसं विचारतो, "लहान कशाला?"

प्रवासात न्यायचा आहे, असं मी सांगितलं.

"मग मोठाच बरा. त्याच पैशात मोठा येतो, तर लहान कशाला नेता?"

याला उत्तर नाही. त्याच पैशात मोठी वस्तू मिळत असताना लहान मागणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. इथे खरं तर त्याच पैशात लहान मिळतही नाही. आतला ऐवज तोच ठेवून लॅपटॉप बारीक आणि हलका केला की किंमत चढते. कमी वस्तूला जास्त पैसे मोजायची तयारी ठेवून मी दुकानात शिरलो होतो, पण तिथे कमी वस्तू नव्हतीच. "तेरा इंची मागवून देतो," तो शेवटी म्हणाला, "पुण्याहून येईल. पण आला की घ्यायचा हां. बघितला आणि नको म्हटलं, असं चालणार नाही."

१५.६ वर माझा वैयक्तिक राग नाही. सुमारे ३६ सेंटिमीटर रुंदीची ती वस्तू टेबलावर शोभते. उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असतात, जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्यांना ती उपयोगी पडतात. बाकीच्यांना त्या बटणांमुळे मूळ कीबोर्ड डावीकडे सरकून मिळतो आणि जन्मभर जरा तिरकं बसून लिहावं लागतं. एसटीत मात्र तो उघडला की डावा कोपरा खिडकीला आणि उजवा शेजाऱ्याच्या बरगडीला लागतो. पुढच्याने सीट मागे टाकली की स्क्रीन आपल्या छातीकडे मिटू लागते.

तेव्हा दुकान सोडून मी कंपन्यांच्या माहितीपत्रकांकडे वळलो. तिथे वजन ग्रॅमपर्यंत दिलेलं असतं. १.२४ किलो. आपण बाजारात मासे घेताना एवढी काटेकोर बात करत नाही. या वजनात चार्जर धरलेला नसतो, त्याची वायर नसते, तीन पिनांचा तो ठोकळा नसतो. बारीक यंत्राला दोनच भोकं ठेवलेली असल्यामुळे पेनड्राइव्ह, प्रोजेक्टर आणि प्रिंटर यांच्यासाठी जी जोडणी वेगळी विकत घ्यावी लागते, तीही त्यात नसते. प्रवासाचा लॅपटॉप म्हणून जाहिरात असते, वजन मात्र तो घरी ठेवून गेल्यासारखं मोजलेलं.

ही रीत जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ नावाचा संगणक 'नेता येण्याजोगा' म्हणून विकायला आला. वजन सुमारे ११ किलो, स्क्रीन पाच इंचांची. बॅटरी नव्हती, त्यामुळे जिथे न्याल तिथे आधी भिंतीत पॉइंट शोधायचा. त्याच सुमारास जपानच्या एप्सनने एचएक्स-२० काढला. ए-४ कागदाएवढा, १.६ किलोचा. बॅटरीवर पन्नासेक तास चाले आणि अंगातच छोटा प्रिंटर होता. स्क्रीनवर चारच ओळी मावत. रत्नागिरीतला माणूस फोनवर त्याहून जास्त बोलत नाही, त्यामुळे मला ती अडचण वाटत नाही. त्यानंतर चार दशकं जगातले उत्तमोत्तम अभियंते खपले आणि आजचा चांगला तेरा इंची लॅपटॉप त्याच ए-४ कागदाच्या मापाला येऊन टेकला. प्रिंटर तेवढा काढून घेतला.

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी टपालाच्या खाकी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या पाकिटातून चार्जर काही निघाला नाही.

दुकानदार आणि माहितीपत्रक या दोघांनाही मी जे विचारू शकलो नाही, ते कीबोर्डाबद्दल. मी मराठी इनस्क्रिप्टने लिहितो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी ठरवली, ती शहाणपणाने ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. फक्त इंग्रजीची अक्षरं सव्वीस आणि आपला संसार मोठा, त्यामुळे आपली काही मंडळी इंग्रजीच्या विरामचिन्हांच्या बटणांवर राहायला गेली. अर्धविरामाच्या बटणावर च आहे. त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट. चौकटी कंसावर ड. तिरप्या रेघेच्या बटणावर य. आणि अ, आ, इ, ई पासून औपर्यंतचे सगळे स्वर शिफ्ट दाबून येतात. ते डाव्या हाताला असल्यामुळे शिफ्ट दाबायची उजवी.

आता लहान लॅपटॉप करणारा माणूस काय करतो? जागा कमी पडली की तो ए ते झेडला हात लावत नाही. उजव्या कडेची बटणं चिमटीत धरून बारीक करतो, कारण त्याच्या लेखी तिथे काही महत्त्वाचं नसतं. अर्धविराम इंग्रजीत अडीअडचणीलाच लागतो. २००७ साली असूसचा ई-पीसी आला. सात इंचांचा, किलोभरही वजन नसलेला, अगदी हवा तसा. त्याची उजवी शिफ्ट नखाएवढी होती आणि वर जाणाऱ्या बाणाच्या पलीकडे नेऊन ठेवली होती. पुढे आलेल्या बऱ्याच लहान यंत्रांनी कमी-अधिक तोच कित्ता गिरवला. "आई, चिपळूण यायच्या आत डबा उघड," एवढं एक वाक्य अशा यंत्रावर लिहून बघावं. आ, ई, ण आणि उ यांना उजवी शिफ्ट. च दोनदा, य तीनदा, ड दोनदा. सगळी उलाढाल उजव्या करंगळीने, बारीक केलेल्या कडेवर. लिहून होईतो चिपळूण गेलेलं असतं.

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, फोनेटिक वापर ना." म्हणजे आधी इंग्रजी अक्षरात लिहायचं आणि यंत्र त्याचं मराठी करून देईल. मग म्हणाला, "किंवा बोलून टाइप कर." कोकण रेल्वेच्या डब्यात मजकूर बोलून टाइप करण्याची सूचना ज्याने कधी त्या डब्यातून प्रवास केलेला नाही तोच करू शकतो. पहिल्या परिच्छेदाला समोरचे चौघे गप्प बसतात. दुसऱ्यापासून दुरुस्त्या सुचवतात.

भाच्याचा तिसरा तोडगा टॅबलेटचा होता, मागे पाय आणि पुढे चिकटणारा कीबोर्ड. टेबलावर हा प्रकार देखणा दिसतो. मांडीवर मात्र त्याचा पाय गुडघ्यापलीकडे जातो आणि टॅब मागच्या मागे कलंडतो. माझ्या मांडीची लांबी कंपनीने गृहीत धरली त्याहून कमी आहे, असं भाचा म्हणतो.

हवामानाचा विषय मी सहसा काढत नाही, कारण रत्नागिरीकर पावसाबद्दल बोलला की लोकांना ते कौतुक वाटतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, एवढंच सांगतो. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते, दिवाळीचे फोटो अल्बमला चिकटतात, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अगदी तळाशी यासाठीही एक ओळ असते. अ‍ॅपलच्या मॅकबुकची मर्यादा हवेतल्या नव्वद टक्के आर्द्रतेपर्यंत दिलेली आहे, तापमान १० ते ३५ अंश. पावसाळ्यात आमच्याकडे नव्वद टक्के म्हणजे उघडीप. त्याच ओळीच्या आसपास असंही लिहिलेलं आहे की हे यंत्र समुद्रसपाटीपासून दहा हजार फूट उंचीपर्यंत तपासून पाहिलं आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. ते साडेपाच हजार फुटांच्याही आत आटपतं. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवून त्याच्या जवळपास माथ्यावर मी निर्धास्त लिहू शकतो. रत्नागिरीतल्या मांडवीला, समुद्रसपाटीवर, आषाढात बसून लिहिण्याची जबाबदारी माझी.

उन्हाळ्यात अडचण वेगळी. बाजारातल्या बेताच्या किमतीच्या लॅपटॉपची स्क्रीन अडीचशे निट उजेडाची असते, खोलीत चालते. गाडीच्या खिडकीशी मे महिन्याचं ऊन आत आलं की तिच्यात मजकूर दिसत नाही. स्वतःचं तोंड दिसतं, मागे धावती कौलारू घरं दिसतात. त्या तोंडाकडे बघत रत्नागिरी ते पनवेल बसणं फार वेळ जमत नाही.

आणि मुद्दाम सांगण्याची गोष्ट म्हणजे, असल्या हवेला चालेल असा लॅपटॉप खरोखर निघाला होता आणि तो आमच्या शेजारच्या जिल्ह्यापर्यंत आलाही होता. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्याच्या शाळेत निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या 'दर मुलामागे एक लॅपटॉप' योजनेतले हिरवे-पांढरे एक्सओ वाटले गेले. साडेसात इंचांची स्क्रीन होती. उन्हात नेली की रंग बाजूला ठेवून काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ वाचता यायची. कीबोर्ड एकसंध रबराचा, पाणी-धूळ आत जायला फट नाही. आत फिरणारी चकती नाही, त्यामुळे आदळला तरी बिघडायचं भय कमी. उचलायला वर मूठ. वजन दीड किलोच्या आत. मला हवं ते सगळं त्यात होतं. फक्त मी सात वर्षांचा नव्हतो. दुकानात तो मिळत नसे आणि त्याची बटणं लहान मुलांच्या बोटांच्या मापाची होती. शंभर डॉलरचा म्हणून गाजला तो, कारखान्यातून निघताना १८८ च्या घरात गेला. फारसा वर चढला असं मी म्हणणार नाही. इथल्या कुठल्याही बांधकामाच्या अंदाजपत्रकाने याहून मोठ्या उड्या मारलेल्या आहेत.

आपल्या सरकारला तो तरीही महाग वाटला असावा. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला दहा डॉलरचा, म्हणजे पाचशे रुपयांचा देशी लॅपटॉप समारंभाने दाखवण्यात आला. जवळून पाहिल्यावर ती माहिती साठवायची डबी निघाली. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. इतका सुटसुटीत लॅपटॉप त्यानंतर कुणाला जमलेला नाही.

चार्जरबद्दल अजून थोडं बोलणं राहिलं आहे. बॅटरी अठरा तास चालते असं जे लिहिलेलं असतं ते स्क्रीन ठराविक मंद करून, एकसारखा चित्रपट लावून मोजलेलं असतं. मी चित्रपट बघत नाही, त्यामुळे मला ते अठरा तास लागू नाहीत. म्हणून चार्जर न्यावा लागतो. गाडीत सीटजवळ पॉइंट असतो. त्यात चार्जरची जड पिन खोचली की ती स्वतःच्या वजनाने खाली लोंबते, एका जागी ठिणगीएवढा संपर्क राहतो आणि वळणावर तोही सुटतो. पिनेखाली वर्तमानपत्राची घडी चेपून बसवावी लागते. पुरवणीची घडी बरोबर बसते, मुख्य अंक जाड होतो. शिवाय आगीच्या भीतीने रेल्वेने गाड्यांमधले चार्जिंगचे पॉइंट रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवायचं ठरवलं आहे. नियम योग्य आहे, त्याला माझा विरोध नाही. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरा वाजून गेल्यावर सुटते आणि पाचच्या सुमारास रत्नागिरीला येते, एवढीच माहिती देतो.

हलक्या लॅपटॉपला साठवणीची जागाही हलकीच देतात. "बाकीचं क्लाउडवर ठेवा," असं तो स्वतःच सुचवतो. रोह्यापासून मंगळुरापर्यंत कोकण रेल्वेला नव्वदच्या वर बोगदे आहेत. त्यातला सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा, आमच्याच उंबऱ्यात. रत्नागिरीहून गाडी सुटते, भोके स्टेशन जातं, मी फाइल उघडतो आणि गाडी बोगद्यात शिरते. यंत्र मला नम्रपणे कळवतं की मी ऑफलाइन आहे. बोगदा संपतो, फाइल निम्मी उतरते, पुढचा बोगदा येतो. या मार्गावर काम करण्यासाठी आदल्या रात्री घरी बसून सगळ्या फाइली लॅपटॉपवर उतरवून घ्याव्या लागतात. आणि पावसाळा असेल तर त्या रात्री लाईट गेलेली असते.

शेजारच्या सीटवरचे गृहस्थ सहसा संगमेश्वरच्या आत विचारतात, "कितीला पडला?" खरी किंमत सांगितली तर ते बराच वेळ बाहेर बघतात. मग म्हणतात, "आमच्या मुलाकडे मोठा आहे."

शेवटी तेरा इंचीच मागवला, न बघता. दुकानात ठरल्याप्रमाणे आला की घ्यायचा होता, घेतला. घरी सगळ्यांनी आळीपाळीने तळहातावर उचलून पाहिला. आईने विचारलं, "बाकीचा कुठाय?" सोबत दुकानदाराने भेट म्हणून माउस दिला, धूळ पुसायचा ब्रश दिला, कीबोर्डावर घालायचं प्लास्टिकचं पारदर्शक आवरण दिलं. ते १५.६ च्या मापाचं होतं, आकड्यांच्या बटणांसकट. आणि एक बॅग दिली. तीही १५.६ ची. नवा लॅपटॉप तिच्यात घातला, चेन लावली, खांद्याला लावून चार पावलं चाललो तर तो आत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत होता.

मी म्हटलं, लहान बॅग नाही का?

"लहान विकत घ्यावी लागेल, काका. ऑर्डर टाकतो, पण आली की..." मग त्याने स्वतःच बॅग हातात घेऊन हलवून पाहिली, जरा विचार केला आणि म्हणाला, "एक टॉवेल घाला ना आत. प्रवासात लागतोच."