बडी चौपडीचा नोड

लेक इथे जयपूरच्या एमएनआयटीत इलेक्ट्रिकलला गेली आणि घरातल्या विजेवरची माझी सत्ता संपली. एके काळी फ्यूज उडाला की मी तार बदलायचो आणि सगळं घर मागे टॉर्च धरून उभं असायचं. आता जेवताना पोरगी ‘लूप’, ‘मेश’ असलं काही बोलते आणि मी आमटी वाढून घेतो. आपणही मध्ये एखादं वाक्य टाकावं, एवढ्यासाठी तिचं पुस्तक उघडलं.

किरचॉफचा पहिला नियम फारच आवडला: नोडमध्ये जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर पडतो. पडताळायला थेट बडी चौपडीवर गेलो. १७२७ साली वसवलेलं हे चौकटी-चौकटींचं शहर म्हणजे आयतं सर्किटच. पूर्वेला रामगंज बाजार, पश्चिमेला त्रिपोलिया, दक्षिणेला जौहरी, उत्तरेला हवामहलाचा रस्ता. आत येणाऱ्या ई-रिक्षा मी धन धरल्या, बाहेर जाणाऱ्या ऋण. बेरीज शून्य येईना! निम्म्या रिक्षा चौपडीतच थांबून सवाऱ्यांना हाका मारत होत्या. एक गाय तर कुठल्याच शाखेत जायला तयार नव्हती. नोडमध्ये काही साठत नाही, हे जयपूरला मान्यच नाही. त्यात २०२० पासून खाली मेट्रोचं स्टेशन. माणसं जमिनीतून उगवतात. “क्या गिन रहे हो, साब?” हवालदाराने विचारलं. “करंट,” मी रुबाबात म्हणालो. त्याने मला दंडाला धरून फुटपाथवर नेलं.

“बाबा, किरचॉफने हे नियम मांडले १८४५ साली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता,” लेक म्हणाली. माझं वय तिने काढलं नाही, हे तिच्यावरचे संस्कार.

तेवढ्यात सांगलीहून ताईचा फोन. “मुलीच्या जातीला इलेक्ट्रिकल? खांबावर चढवणार आहेस का तिला?” लग्नाकार्यात हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं. पोरीने मध्यरात्रीपर्यंत समीकरणांशी झटायचं आणि यांना दिसतो तो खांब. मुलगा असता तर पेढे मागितले असते. लेकीने फोन घेतला. “चढेन की, आत्या. शिडी धरायला येतेस?”

मग तिने माझ्यापुढे नऊ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि एक रेझिस्टर ठेवला. पट्टे तपकिरी, काळा, लाल: हजार ओहम. दोनेक व्होल्ट एलईडीचे, उरलेल्या सातांना हजाराने भागायचं: सात मिलिअँपिअर. दिवा लागला. मी लगेच फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली स्वतःचं नाव.

ताईचं उत्तर आलं, “वा! आता आमचा गिझर बघून जा.”

मी कळवलं, “त्याला इंजिनिअर लागतो. खांबावरून उतरली की पाठवतो.”