लाभ, दोन, तीन

दिंडोरीत आमच्या गल्लीतले तात्या बाजारातलं मापाड्याचं काम संपवून घरी आले आणि माईंच्या ओट्यावर काटा आला. उभा जन्म टोमॅटोच्या जाळ्या, सोयाबीन आणि कांदा मोजण्यात गेलेला. 'बेताचं', 'अंदाजानं' असले शब्द ऐकले की त्यांना पावतीवर खाडाखोड दिसल्यासारखं होतं.

"पाणी किती घालायचं?"

"पीठ मागेल तेवढं."

"पीठ मागतं? आणि ते तुला ऐकू येतं?"

माईंनी कणकेतून मान वर केली नाही.

तशी दिंडोरी मापाला पक्की. द्राक्षाचा मणी १८ मिलिमीटरचा झाला का, हे इथं पोरंसोरं सांगतील. फवारणीच्या औषधात कुणी अंदाज करत नाही. मग भाजीनं काय पाप केलंय, हा तात्यांचा सवाल. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

त्यात सुनेनं केकसाठी मापाचे कप आणले. कप २४० मिलिलिटरचा, मोठा चमचा १५चा, लहान ५चा. तात्या हरखले. नातीनं फोनवर बघून सांगितलं, की काही देशांत कप २५०चा आणि ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २०चा असतो. "तिथं मापं तपासायला कुणी येत नाही का?" म्हणून त्या रात्री ते बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या. मोजायला घेतलं नातीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण. ते डोळ्यांसमोर धरायचं, एक डोळा मिटायचा, पाणी बरोबर १०च्या रेघेवर आलं की श्वास रोखून वाटीत ओतायचं. लग्नात आलेली नाव घातलेली वाटी चौदा झाकणांत भरली, तिची जोडीदारीण सोळांत. चहाचा चमचा तर साडेतीन मिलिलिटरवरच ओसंडला. त्यांनी प्रत्येक वाटीच्या बुडाला नेलपॉलिशनं आकडा घातला. सुनेला सापडत नव्हतं ते नेलपॉलिश हेच.

माईंनी कपाटातून 'रुचिरा' काढली. "१९७० सालापासून बायका कमलाबाई ओगल्यांच्या वाटी-चमच्यानं रांधतायत. कुणी उपाशी राहिलं?"

"वाटी कुणाची? त्यांची की आपली?"

"भांडं एकच घ्यायचं, मग कुणाची का असेना. रव्याला जी, पाण्याला तीच."

तात्या गप्प झाले, पण संध्याकाळपुरतेच. नवा मुद्दा निघाला: वाटी सपाट की शीग लावून? शिवाय सुनेच्या त्याच कपात साखर २०० ग्रॅम मावते आणि मैदा जेमतेम सव्वाशे, म्हणजे कप हे मापच नव्हे, असंही त्यांनी दारात आलेल्या दूधवाल्याला समजावलं.

मग एक दिवस भात त्यांनी लावला. नवा तांदूळ, दोन वाट्या. पाणी ओतायला नात, मोजायला तात्या. वडील पायलीनं धान्य मोजायचे, त्यांची सवय यांच्या जिभेवर उतरलेली. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही.

"लाभ... दोन... तीन... चार. बास."

"आजोबा, एक राहिला!" असं म्हणून तिसरीतल्या त्या हुशार पोरीनं पाचवी वाटी ओतली.

झाकण उघडलं तर भात पळीनं वाढण्याजोगा. माईंनी वर साजूक तूप आणि मेतकूट घातलं, आणि 'आज गुरगुट्या भात' असं जाहीर केलं. सगळ्यांनी दोनदा घेतला. तात्यांनी तीनदा, लाभ धरून.

"मीठ किती घातलंस?"

माईंनी तीन बोटं जुळवून दाखवली.

परवा तात्या बाजारपेठेत भेटले. हातात कागदाच्या पाच पुड्या, प्रत्येकीत माईंची एकेक चिमूट. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यायला निघाले होते. मी कुतूहलानं मागोमाग गेलो. सोनारानं पहिली पुडी उघडली, बोट लावून चाखली आणि विचारलं,

"तात्या, मोडीत घालायचंय का?"