कुलूप थिजल्यास काय करावे

थंडीत मोटारीच्या दाराचं कुलूप गोठलं तर काय करावं, याचं मार्गदर्शन टोरांटो-शिकागोकडच्या मंडळींसाठी ढीगभर उपलब्ध आहे. ठाकुर्लीकरांना मात्र कुणी वाली नाही, कारण ठाकुर्लीत कुलूप गोठतच नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. वरवर पाहता पुरावाही त्याच बाजूचा आहे. पाणी गोठायला शून्य अंश लागतात. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक आहे ७.४ अंश, आणि तो २२ जानेवारी १९६२ चा. ठाकुर्ली समुद्रापासून आत, त्यामुळे इथली पहाट मुंबईपेक्षा जरा जास्त गार, हे मान्य. पंधरा अंशांनाच कानटोपी काढणाऱ्यांच्या भावनांचाही आदर आहे. तरी शून्य काही गाठता येत नाही. फक्त या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे कुलपात पाणी असतं. आपल्याकडे कुलपात खोबरेल तेल असतं. आणि तेल गोठत नाही, थिजतं. त्याला शून्यापर्यंत जावं लागत नाही, चोवीसच्या आसपासच ते हाय खातं.

याचा पुरावा प्रत्येक न्हाणीघरात उभा आहे. दिवाळीच्या अभ्यंगाला धार धरणारी बाटली डिसेंबरात पांढरीफटक होते, मग तिला कढत पाण्याच्या तांब्यात नाहीतर गॅलरीतल्या उन्हात बसवावं लागतं. खोबरेलातली जवळजवळ नव्वद टक्के चरबी संपृक्त असल्याचा हा परिणाम. शेंगदाण्याचं तेल इतक्या लवकर मान टाकत नाही. पण घरातलं वंगण म्हटलं की हात खोबरेलाकडेच जातो. पूर्वी शिलाई मशीनच्या खणात पातळ तेलाची चोचीची बाटली असायची. मशीन गेलं, त्याबरोबर ती बाटलीही गेली. आता करकरणारं बिजागर, गोदरेजचं कपाट, सायकलची साखळी आणि मोटारीचं कुलूप या सर्वांना एकच औषध. जुलैत कुलूप कुरकुरलं की दोन थेंब सोडायचे. हवा अठ्ठावीस अंशांची असते, तेल पातळ असतं, चावी लोण्यातून सुरी जावी तशी जाते आणि थेंब सोडणाऱ्याचं घरात कौतुक होतं. तेच दोन थेंब जानेवारीच्या पहाटे उलटतात. मोटारीच्या कुलपात पत्र्याच्या पातळ चकत्या असतात आणि प्रत्येकीमागे केसाएवढी स्प्रिंग. चावीच्या खाचांनी त्या एका रेषेत आल्या तरच कुलूप फिरतं. त्यांच्याभोवती चरबी बसली की स्प्रिंगला रेटा देता येत नाही. चावी अर्धी जाते, अडते, आणि बाहेर काढून पाहावी तर दात्यांत पांढरट-राखाडी लोणी. राखाडी रंग शेजारच्या टॉवरच्या बांधकामाचा.

यावर पहिला आक्षेप रिमोटवाल्यांचा : हल्ली चावी लावतं कोण? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच घातक आहे. ठाकुर्लीचा माणूस सोमवार ते शनिवार लोकलने जातो. इथे जलद गाडी थांबत नाही, म्हणून धीम्या गाडीत उभा राहून जातो, पण लोकलनेच जातो. मोटार इमारतीखाली ताडपत्री पांघरून बसलेली असते. अशा बैठकीत तिची बॅटरी हळूहळू उतरते. मग एके दिवशी रिमोट दाबला तर मोटार हूं की चूं करत नाही, आणि रिमोटच्या पोटात एक धातूची चावी दडलेली असते हा शोध लागतो. हँडलवरच्या टोपीखाली तिचं भोकही सापडतं. म्हणजे तीन वर्षं बिनकामाचं राहिलेलं कुलूप नेमकं त्याच सकाळी कामाला लागतं. दुसरा आक्षेप असा की अकरा वाजता ऊन आलं की तेल आपोआप वितळेल. शास्त्र म्हणून बरोबर. परंतु साखरपुडा साडेनऊचा असतो.

उपायांत परदेशी मार्गदर्शन जसंच्या तसं उचलू नये. तिकडे लायटरने चावी तापवतात. इकडच्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप असते, ती तापवल्यास मोटार सुरू होण्याची आशाही संपते. उकळतं पाणी ओतू नये, कारण आत राहिलेल्या पाण्याने कुलपाचा पावसाळा जानेवारीतच सुरू होतो. (वाफच हवी असती, तर रेल्वेने १९२९ मध्ये इथे उभारलेलं चोळे पॉवर हाउस कामी आलं असतं, ते बंद पडूनही आता जमाना झाला.) आपला शत्रू चोवीस अंशांचा आहे आणि मूठ त्याहून बरीच गरम. चावी दोन मिनिटं मुठीत घट्ट धरावी, अलगद घालावी, जोर न लावता आत-बाहेर करावी, रुमालाला पुसावी, पुन्हा मुठीत धरावी. चार-पाच फेऱ्यांत कुलूप ऐकतं. दरम्यान वॉचमन विचारेल, ‘‘काय झालं साहेब?’’ कुलूप थिजलंय असं खरं सांगितलं तर तो धावत जाऊन खोबरेलाची बाटली आणेल. तिला नम्रपणे पण ठाम नकार द्यावा.

पुढे सवडीने गॅरेजवाल्याकडचा क्लीनर मारून जुनं तेल धुऊन काढावं. कुलूप सुकलं की मुलांच्या चित्रकलेच्या पेटीतली ६बी पेन्सिल चावीवर काळी होईपर्यंत घासावी आणि चावी आत फिरवावी. साधी पेन्सिल चालणार नाही, तिच्यात मातीचं प्रमाण जास्त. ग्राफाइट धूळ धरत नाही आणि थिजतही नाही. तेल न धुता ते घातलं, तर मात्र कुलपात काजळ तयार होतं. खोबरेलाचे पक्षपाती इथे शेवटचं अस्त्र काढतील : पावसाळ्यात गंज कोण थांबवणार? हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. हवेत साठ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि जुलैत आपण त्याच्या कितीतरी पुढे असतो. पेन्सिल गंज अडवत नाही. कुलूप फिरतं ठेवणं एवढंच हातात उरतं, आणि त्याची आठवण करून द्यायला मध्य रेल्वे आहे. रविवारी मेगाब्लॉक असल्याची बातमी आली की शनिवारी संध्याकाळी खाली उतरावं, ताडपत्री वर करावी, चावी घालून दोनदा फिरवावी. ब्लॉक रद्द झाल्याचं नंतर कळलं तरी हरकत नाही. ताडपत्री पुन्हा ओढून घ्यावी.