जहाज चुकलं नाही, क्षमस्व

प्रति,
मा. व्यवस्थापक, शोअर एक्स्कर्शन विभाग,
डेक पाच, घड्याळांच्या दुकानाशेजारी.

विषय : आपल्या सहलीचं तिकीट न काढताही वेळेत परत आल्याबाबत खुलासा.

महोदय,



पिरेअसहून सुटणाऱ्या आपल्या जहाजावरून (नाव लिहीत नाही, आपण ओळखालच) आम्ही उभयतांनी सप्टेंबरात ग्रीक बेटांची वारी केली. या वारीत आमच्याकडून आपल्या विभागाला एका युरोचंही उत्पन्न झालं नाही. हे आपल्या लक्षात आलं असणारच, कारण शेवटच्या रात्रीपर्यंत केबिनच्या दारात आपली रंगीत पत्रकं येत होती आणि दिवसागणिक त्यांवरची सूट वाढत होती. इतक्या आपुलकीने त्या आठवड्यात आमची चौकशी आमच्या मुलानेही केली नाही. तेव्हा खुलासा करणं आमचं कर्तव्य आहे.

पहिल्या संध्याकाळी थिएटरात आपलं व्याख्यान झालं. बेटांची माहिती मिळेल म्हणून आम्ही पुढच्या रांगेत बसलो. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, वहीत नोंद केल्याशिवाय त्यांना काही ऐकल्यासारखं वाटत नाही. माहिती मिळाली ती अशी : स्वतःच्या जबाबदारीवर उतरलात आणि उशीर केलात, तर जहाज थांबणार नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा. आमच्या सहलीबरोबर गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज थांबेल. मग पडद्यावर चित्रफीत लागली. धक्क्यावरून धावणारं एक जोडपं, हातात पिशव्या, आणि हळूहळू लांब जाणारं जहाज. लोक पोट धरून हसले. ह्यांनी वहीत लिहिलं, ‘जहाज थांबत नाही’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

सँटोरिनी कशामुळे झालं, ऱ्होड्सचा किल्ला कुणाचा, क्रीटमध्ये काय सापडलं, यातलं त्या वहीत काही नाही, कारण आपण ते सांगितलंच नाही. तासाभरात आपण एकही बेट विकायला काढलं नाहीत. भीती काढलीत, आणि तीही माणशी शंभर युरोंच्या वर. धंदा म्हणून मी याला दाद देते. बेट काय, कुणालाही पाहता येतं. भीतीचा पुरवठा मात्र एकट्या आपल्याकडेच होता.

पहिलं बेट मिकोनोस. तिथे मेल्टेमी, म्हणजे उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून येणारा वारा, असा सुटला की कप्तानांनी लांबूनच बंदराला नमस्कार करून जहाज वळवलं. आपल्या खिडकीपुढे परताव्याची रांग लागली ती जेवणाच्या वेळेपर्यंत हलेना. आमचे पैसे कुठे गेलेच नव्हते, त्यामुळे आम्ही डेकवर बसून चहा प्यालो. चहाविषयी वेगळं पत्र लिहीन.

ऱ्होड्सला जहाज धक्क्याला लागलं तेव्हा डेकवरूनच तटबंदी दिसत होती. वेस चालत दहा मिनिटांवर. आपल्या पत्रकात ‘मध्ययुगीन ऱ्होड्सची पदभ्रमंती’ होती, म्हणजे त्याच वेशीतून त्याच रस्त्यावर स्वतःच्याच पायांनी चालायचं, फक्त पैसे भरून. छातीवर चिकटवायला नंबर मिळतो, हे खरं. आमच्यापुढे चौदा नंबरची मंडळी होती. पूर्वी गाईडपासून दोन पावलं अंतर ठेवून भिंत न्याहाळल्याचं नाटक केलं की इतिहास फुकटात पदरात पडायचा. हे या विद्येत पारंगत आहेत. आपण प्रत्येकाच्या कानात यंत्र घालून तीही सोय बंद केलीत. गाईडबाई ओठ हलवताहेत, चौदा नंबरची मंडळी माना डोलावताहेत, आणि हे मध्येच उभे, रेडिओ बिघडल्यासारखा चेहरा करून.

मग आम्ही भिंतींवरच्या पाट्या आणि घरून वाचून आणलेली टिपणं यांवर भागवलं. तुर्की सुलतान सुलेमानाने १५२२ साली वेढा घालून ज्या धर्मयोद्ध्यांकडून हे बेट घेतलं, त्यांच्या सराया अजून दगडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत, युरोपातल्या एकेका प्रांताच्या लोकांची एकेक. रस्त्याच्या टोकाला त्यांच्या प्रमुखाचा भला थोरला राजवाडा. तो १८५६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला. आज लोक ज्याच्यापुढे फोटो काढतात तो बराचसा इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये, मुसोलिनीच्या काळात, नव्याने उभारलेला आहे. ह्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, “अगं, म्हणजे हा वाडा तुझ्या बाबांपेक्षा धाकटा!” चौदा नंबरला हे सांगितलं होतं का, कोण जाणे. आम्ही तिथून खंदकात उतरलो. तटाच्या पायथ्याशी पसरलेला हा कोरडा खंदक फुकट फिरता येतो आणि वेढ्यांच्या काळातले दगडी गोळे अजून गवतात पडलेले आहेत. त्यातल्याच एकावर बसून आम्ही दाण्याचे लाडू खाल्ले. आपल्या पत्रकात हा खंदक नव्हता. फुकट आहे म्हणून नसावा.

क्रीटचं थोडक्यात सांगते. हेराक्लिओनहून क्नोसोसला दोन नंबरची शहरबस जाते, अंतर पाच किलोमीटर. तिथला प्राचीन राजवाडा पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हन्स यांनी १९०० साली खणायला सुरुवात केली आणि मग सिमेंट ओतून, खांब रंगवून तो स्वतःला हवा तसा उभाही केला. खरं कुठलं आणि एव्हन्ससाहेबांचं कुठलं, यावर आमचा जो वाद झाला तो परतीच्या बसमध्ये संपला. संपला म्हणजे हे झोपले.

आता सँटोरिनी. तिथे आपल्या विभागाचं खरं राज्य, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून या बेटाचा मधला भाग समुद्रात बसला. उरलेल्या कड्यांच्या कुशीत, अतिखोल पाण्यात, आज जहाजं उभी राहतात आणि माणसं होड्यांनी काठाला जातात. आपल्या सहलीवाल्यांचा मान पहिला. त्यांच्या होड्या अथिनिओसच्या धक्क्याला लागतात, तिथून बस वळणावळणाने वर चढते. आमच्यासारख्या सुट्या लोकांना नंबराचे कागद वाटून बसवून ठेवलं जातं आणि नंबर पुकारला की फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात सोडलं जातं. कडा उभा डोक्यावर. वर जायला पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या, त्याच पायऱ्यांवरून चढणारी गाढवं, नाहीतर केबल कार.

गाढवांवर शंभर किलोपेक्षा किंवा त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ओझं घालू नये, असा नियम ग्रीक सरकारने २०१८ साली केला. आपल्या बुफेवर आठवडा काढलेला एक गृहस्थ त्या गाढवाकडे बघत होता आणि गाढव त्याच्याकडे. पुढचं मी पाहिलं नाही. हे अजून शंभराच्या आत आहेत, पण गाढवाच्या मताची नोंद कुठेच होत नाही, म्हणून आम्ही केबल कारची रांग धरली. सहा छोट्या डब्यांत सहा-सहा माणसं, म्हणजे एका खेपेला छत्तीस. बेटावरच्याच एका जहाजमालक घराण्याच्या देणगीतून ती १९७९ च्या सुमारास उभी राहिली आणि तिच्यामुळे गाढववाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून उत्पन्नातला वाटा त्यांनाही मिळतो. हे मला फार आवडलं.

वर फिराच्या बसस्थानकातून इया गावाची बस मिळते. या केटेलच्या बसगाड्या. बसमालकांनी एकत्र येऊन १९५२ पासून चालवलेली ही देशभरची व्यवस्था आहे. दोनेक युरोंचं तिकीट. ते आपण बसल्यावर, म्हणजे बहुधा उभं राहिल्यावर, कंडक्टर आत येऊन फाडतो. एसटीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही बस समजायला ग्रीक यावं लागत नाही. ‘मागे सरका, अजून जागा आहे’ हे तो ज्या सुरात म्हणाला त्या सुरात ते सांगली-मिरज गाडीतही म्हणतात. सुट्ट्या पैशांची चामडी पिशवी पोटावर, पेन्सिल कानावर. गर्दीतून तो दारापासून शेवटच्या बाकापर्यंत गेला आणि परत आला, वळणांवर एकदाही दांडी न धरता. एका तरुण जोडप्याची बॅग त्याने वरच्या फळीवर चढवली, एका आजीसाठी कुणाला तरी उठून जागा द्यायला लावली आणि ह्यांना उरलेली नाणी तळहातावर एकेक मोजून दिली. खिडकीबाहेर एका बाजूला समुद्र सरळ खाली, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे वेल टोपलीसारखे गुंडाळून जमिनीलगत ठेवलेले, वाऱ्यापासून वाचावेत म्हणून. तेही आम्हाला त्यानेच खुणेने दाखवलं. वेगळे पैसे मागितले नाहीत.

इयाबद्दल मी फार काही लिहिणार नाही. निळे घुमट आहेत, तिथवर जायच्या बोळात घागऱ्याचा घेर वाऱ्यावर सोडून फोटो काढणाऱ्या मुलींची रांग आहे, आणि भिंतींवर इथे माणसं राहतात, जरा जपून वागा अशा अर्थाच्या पाट्या आहेत. पाट्या वाचल्यावर आम्ही आवाज खाली आणला. तेवढ्यात काठीला लावलेला चौदा नंबर गर्दीवरून तरंगत आला. मोकळा वेळ पंचवीस मिनिटं, असं त्यांना सांगितल्याचं आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या नागपूरच्या काकूंकडून नंतर कळलं.

या काकूंविषयी न्यायाने लिहायला हवं. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आपल्या बसने त्यांना दारापर्यंत नेलं आणि त्या खूश होत्या. त्यांनी अक्रोतिरीही पाहिलं. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून खणून काढलेलं, राखेखाली बुजलेलं ते नगर आमच्याकडून राहिलं. तेव्हा आपली सहल कुणीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना घाबरवावं लागत नाही, एवढंच.

अक्रोतिरीचं काही आम्हाला मिळालं ते फिराच्या बसस्थानकापासून चार पावलांवर, प्रागैतिहासिक थिराच्या (थिरा म्हणजे सँटोरिनीच) संग्रहालयात. आत गर्दी अशी नव्हतीच. एका भिंतीवर तिथल्या घरातलं चित्र लावलंय : निळी वानरं खडकांवर चढताहेत, एक मान वळवून मागे बघतंय, शेपट्या वर उचलून वाकवलेल्या. त्या काळी ग्रीसमध्ये वानरं नव्हती. ही आफ्रिकेतली, असं बरीच वर्षं मानत. पण २०१९-२० च्या सुमारास प्राणितज्ज्ञांना सोबत घेऊन काही अभ्यासकांनी शेपटीची ठेवण आणि हातापायांची लांबी बघून म्हटलं की ही भारताकडची, आपली हनुमान वानरं असावीत. सिंधूच्या बाजूचा व्यापार आणि हातोहात गेलेली माहिती, अशी त्यांची अटकळ. हे चित्रापुढून हलेनात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ज्यांनी ह्यांच्या हातातलं केळं पळवलं, त्यांचे पूर्वज इथे मानाने भिंतीवर! ह्यांच्या मोबाइलमधला पहिला गजर तिथेच वाजला. जहाजाच्या वेळेप्रमाणे पाच गजर लावले होते. आपल्या व्याख्यानाचं ते फळ.

मग परतीची केबल कार, आणि इथे आपल्या विभागाचे मनःपूर्वक आभार मानायचे आहेत. सकाळी बसने वर चढलेली आपली मंडळी संध्याकाळी फिरात सोडून देतात, हातात केबल कारचं तिकीट ठेवून. खाली यायला त्यांनाही तीच रांग. आम्ही बोळात पोचलो तेव्हा ती दोन वळणं घेऊन दुकानांच्या पायऱ्यांवर चढली होती. हे पांढरेफटक पडले. वही काढून दोन रेघांचं वाक्य पुन्हा वाचलं. तेवढ्यात मागे गलबला झाला म्हणून पाहिलं, तर चौदा नंबर! त्याच्या मागे नऊ, त्याच्या मागे एकवीस. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जहाज त्यांच्यासाठी थांबणार होतं आणि ती सगळी आमच्या मागे उभी होती. त्या घटकेला अख्ख्या एजियन समुद्रात आमच्याइतकं निर्धास्त जोडपं दुसरं नसेल. ह्यांना हे समजावल्यावर त्यांनी शांतपणे चौथा गजर बंद केला आणि भाजलेल्या कणसाची चौकशी करायला गेले. जहाज चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. आम्ही पंचेचाळीस मिनिटं आधी केबिनमध्ये होतो.

रांगेत उभं राहून करण्यासारखा आणखी एक हिशेब सांगते. सँटोरिनीची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. २०२४ च्या जुलैत एका दिवशी जहाजांतून सतरा हजार माणसं येणार म्हणून तिथल्या एका लोकप्रतिनिधीने गावकऱ्यांनाच शक्यतो बाहेर पडू नका असं कळवलं. गदारोळ झाल्यावर ते आवाहन मागे घेतलं गेलं. आता जहाजांच्या प्रवाशांना दिवसाला आठ हजारांची मर्यादा आहे, आणि २०२५ च्या जुलैपासून ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोसला माणशी वीस युरो कर. कॉफीचं बिल दोनदा तपासणाऱ्या ह्यांनी तो कर मुकाट भरला. त्या आठ हजारांत आम्ही दोघंही होतो, पण आमचे काही युरो बसला, काही संग्रहालयाला आणि काही कणीसवाल्याला गेले. आपल्या शंभरातले किती बेटावर उतरतात, हे त्या चित्रफितीनंतर सांगता आलं तर बघा.

रोजच्या वार्तापत्राविषयीही एक सुचवते. त्यात घड्याळांचा सेल पहिल्या पानावर होता आणि बंदरातल्या आपल्या प्रतिनिधीचा फोन नंबर, जो जहाज खरंच चुकलं तर लागतो, शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात. दोन्हींची अदलाबदल केली तर घाबरलेल्या माणसांची सोय होईल. आपला तोटा होईल, हेही मला कळतं.

आपली विश्वासू,
एक सुटी प्रवासी (सहकुटुंब),
डेक सहा, खिडकीची केबिन. खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते, ती.

ता. क. : आपल्या अभिप्राय-फॉर्मात ‘सहलीवरील मार्गदर्शक’ या रकान्यात गुण दिल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. म्हणून पाचपैकी पाच दिले आहेत. ते कृपया फिरा–इया बसवरच्या कंडक्टरकडे पोचते करावेत. नाव विचारायचं राहिलं. पेन्सिल उजव्या कानावर असते.