सावधराव

सावधराव प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. वय साठीच्या पुढे, निवृत्ती बहुधा बँकेतून किंवा विमा कंपनीतून. 'हॅकर' हा शब्द उच्चारताना ते आवाज खाली आणतात, न जाणो, जिन्यातच उभा असायचा.

त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर वहिनींची मरून टिकली लावलेली असते. २०१६ साली मार्क झुकरबर्गच्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याला पट्टी चिकटवलेली एका फोटोत दिसली, तेव्हापासूनची ही प्रथा. अमेरिकेतून मुलीचा व्हिडिओ कॉल आला की ती दर वेळी विचारते, "बाबा, तिकडे लोडशेडिंग आहे का?" पण सावधराव टिकली काढत नाहीत. त्याच लॅपटॉपवर विंडोज ७ नांदत असतं. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याची देखभाल थांबवली. त्यानंतर त्यात भोकं सापडली तरी घरगुती वापरणाऱ्यासाठी बुजवायला कोणी येत नाही. "अपडेटच्या नावाखाली हे लोक काय काय आत सोडतात, तुम्हाला कल्पना नाही," सावधराव म्हणतात. थोडक्यात, दार सताड उघडं आणि दाराच्या भिंगावर टिकली.

पासवर्डच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सगळे पासवर्ड डायरीत, दुधाच्या हिशेबामागच्या पानावर, पण उलटे लिहिलेले. चोराने डायरी पळवली तरी काय वाचणार कपाळ? शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची हे स्वतःलाच आठवेना, म्हणून पानाच्या डोक्यावर लाल शाईने लिहून ठेवलंय: 'उलटे वाचणे.'

पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट ते कुठल्याही निमित्ताने काढतात, अगदी बारशालासुद्धा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये उडाले, त्यातले बरेचसे देशोदेशीच्या एटीएममधून. ते बँकेच्या यंत्रणेतच शिरून, नकली कार्डं बनवून उडवले गेले. सावधरावांच्या पिनचा त्यात काडीचा संबंध नव्हता. त्यांनी मात्र धडा घेतला तो असा, की एटीएमला शिवायचं नाही. आता ते पैसे काढायला शाखेत जातात आणि काउंटरवरच्या मुलीला नीट ऐकू यावं म्हणून खात्यातली शिल्लक मोठ्याने विचारून घेतात. रांगेतल्या सगळ्यांना ती पाठ आहे.

क्लाउडवर त्यांचा विशेष राग. "आपले फोटो आपल्या घरात हवेत, ढगात कशाला?" म्हणून त्यांनी हार्ड डिस्क आणली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि गोदरेजच्या कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवली. तिच्यात अजून काही भरलेलं नाही, कारण ती लॅपटॉपला जोडली तर व्हायरस येईल. दरम्यान नातवाने फोन सुरू करून देताना बॅकअपचं बटण चालू केलं होतं, त्यामुळे सगळे फोटो गुमान गूगलकडे जातच होते. मग १५ जीबीची फुकटची जागा भरली. सावधरावांनी फोनमधून चारधामचे फोटो उडवले. तिकडची प्रतही गेली, कारण गूगल फोटोजमध्ये इकडचं पुसलं की तिकडचंही पुसलं जातं. पुसलेलं साठ दिवस कचरापेटीत राहतं, तिथून परत काढता येतं. पण कचरा घरात साठवू नये, हा संस्कार. त्यांनी पेटी त्याच दिवशी रिकामी केली.

हेच सावधराव झेरॉक्सच्या दुकानात मात्र कमालीचे मोकळे. "काका, व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढतो," एवढं म्हणायचा अवकाश, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळं रवाना. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये अख्ख्या पेठेची कागदपत्रं गुण्यागोविंदाने राहत असतात. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क केलेलं आधारही मिळतं, हे मी त्यांना एकदा सुचवलं. "अहो, तो काय हॅकर आहे? त्याच्या वडिलांना ओळखतो मी," ते म्हणाले. यावर काय बोलणार? जगाची त्यांनी केलेली विभागणी इतकी साधी आहे, की हॅकर म्हणजे अनोळखी माणूस आणि ओळखीचा म्हणजे आपला.

ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, हे तर ब्रह्मवाक्य. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने कोड मागितला तेव्हा सावधराव दार अर्धं लावून उभे राहिले. "कोणालाच सांगायचा नसतो." "काका, डिलिव्हरीचा कोड आहे, तो मलाच सांगायचा असतो." "असंच म्हणतात सगळे." लिफ्ट बंद होती. तो बिचारा तीन मजले चढवलेला सिलिंडर तीन मजले उतरवून घेऊन गेला. दोन दिवस त्या घरात इंडक्शनवर फक्त खिचडी झाली. वहिनींनी त्या काळात जे मौन धरलं ते कुठल्याही फायरवॉलने भेदलं नसतं.

आणि मग मेहुण्याच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली.

फाइलच्या नावाच्या शेपटीला 'एपीके' होतं. म्हणजे ती पत्रिका नव्हती, फोनवर चढणारं अख्खं ॲप होतं, आणि मेहुण्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला होता. फोनने त्याच्या परीने विचारलं: अनोळखी ठिकाणाहून आलंय, घेऊ का? एसएमएस वाचू देऊ का? सावधराव हो, हो करत गेले. सासरची पत्रिका, उघडली नाही तर बोलणी कोण खाणार? बँकेचे ओटीपी येत राहिले, त्या ॲपने ते वाचले आणि पुढे पाठवले. सावधरावांनी शेवटपर्यंत कोणालाही ओटीपी सांगितला नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

पैसे कापल्याचे मेसेज पाहून ते टीव्ही बंद करा, वायफाय काढा, असं ओरडत सुटले. वहिनींनी फोनचा डेटा बंद केला आणि स्वतःच्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, मग बँकेला कळवलं. पहिल्या तासाभरात हे झालं म्हणून बरीचशी रक्कम वाटेतच अडवली गेली. एरवी त्या पैशांवर पाणीच सोडावं लागलं असतं.

येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सावधरावांचं 'सायबर सुरक्षा: माझे अनुभव' या विषयावर व्याख्यान आहे. निमंत्रण त्यांनी गटावर फाइल करून टाकलंय. अजून एकानेही ते उघडलेलं नाही.