दहा बाय दहाच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पायरी पहिली, खोली निवडा. ती बिल्डरने तुमच्या वतीने आधीच निवडलेली आहे: दहा बाय दहा, गुळगुळीत भिंती, खाली चकचकीत टाइल्स, कोपऱ्यात लोखंडी कपाट. आवाजाच्या दृष्टीने चौरस खोलीहून वाईट फक्त घनाकार खोली. छतही दहा फुटांवर असेल तर तुम्ही तेही साधलंत. कपाटाकडे नंतर येऊ.

पायरी दुसरी, स्पीकरच्या पाठीवरची पट्टी वाचा. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवलेला असल्यामुळे ती आजवर कुणी वाचलेली नसते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, हा त्यातला कामाचा आकडा. समजा तो ८६ आहे. तुम्ही बसणार दोन मीटरवर, कारण तिसऱ्याला भिंत लागते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डेसिबल जातात. खोलीत भिंती त्यातले थोडे परत करतात, शिवाय स्पीकर दोन. म्हणजे एकेका वॅटमध्ये कानाशी ८३ डेसिबलच्या आसपास. घरातल्या गप्पा साधारण ६० वर चालतात. थोडक्यात, एका वॅटमध्ये खालचे काका वर येतात.

तबल्याची थाप किंवा तानेचा झटका क्षणभर सरासरीच्या पंधराएक डेसिबल वर उसळतो, त्यासाठी तीसेक पट ताकद हाताशी असावी लागते. म्हणून ३० ते ५० वॅट. हिशेब इथेच संपतो, पण दुकानात २०० वॅटचा असतो आणि तो काळ्या रंगात असतो. ५० चे १०० वॅट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. ‘हां, जरा वाढला’ म्हणण्याइतके. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. घ्यायचा तर सरळ ५०० चा घ्या. काकांच्या वकिलाची नोटीस वेगळी.

वॅटमध्ये पीएमपीओ नावाची एक जात असे. नव्वदच्या दशकात ती टू-इन-वनच्या छातीवर मिरवायची. पुढे सोनेरी अक्षरांत १२०० वॅट, आणि मागे वायर शिरते तिथे बारीक अक्षरांत ‘२३० व्होल्ट, ३० वॅट’. तीस वॅट खाऊन बाराशे बाहेर टाकणारं हे यंत्र वीज मंडळाच्या वेळीच नजरेस आलं असतं, तर कोयना धरणाचा खर्च वाचला असता. नवशिक्याने फक्त आरएमएस वॅट विचारावेत, तेही किती ओहमवर आणि दोन्ही चॅनल चालू असताना का, हे धरून. दुकानदार चहा मागवेल. चहा प्या आणि पुन्हा विचारा.

ओहमचं प्रकरण जरा नाजूक आहे. पट्टीवर ८ लिहिलेलं असतं ते लग्नाच्या बायोडेटासारखं. प्रत्यक्षात वारंवारता बदलेल तसा आकडा हलतो आणि मध्येच चाराच्याही खाली उतरतो. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट लागतो. ८ ओहमला ५० वॅट देणारा अ‍ॅम्प ४ ओहमला शंभराच्या जवळ गेला, तर पॉवर सप्लाय दमदार. साठातच धाप लागली, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये काटकसर झालेली आहे. कागद वाचायचा कंटाळा असेल तर अ‍ॅम्प उचलून बघा. क्लास एबीच्या जुन्या बांधणीत बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरचंच असतं. क्लास डीला ही परीक्षा लावू नये, तो बहुधा हलकाच असतो. त्यातला डी डिजिटलचा नाही, हे मात्र मित्रांत बोलू नका, मित्र तुटतात.

पायरी तिसरी व्हॉल्व्हची, आणि ती बजेट संपल्यावरच येते. ३००बी या व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प जेमतेम ८ वॅट देतो आणि दिसतो देवघरासारखा. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये आणलेल्या क्लिप्शहॉर्नला तो भरपूर होतो, कारण त्याची सेन्सिटिव्हिटी शंभराच्या वर. पण तो स्पीकर कोपऱ्यातच ठेवावा लागतो, आणि तुमच्या एका कोपऱ्यात कपाट आहे. उलट बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर बनवला. आपल्या बेडरूमचं माप इंग्रजांनी फार आधी घेऊन ठेवलं होतं म्हणायचं. त्याची सेन्सिटिव्हिटी ८३च्या आसपास; क्लिप्शहॉर्नला एक वॅट पुरतो त्या आवाजासाठी याला पन्नासच्या वर लागतात.

आता कपाट. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर घुमतो, आणि खोली चौरस असल्यामुळे दुसऱ्या जोडीतही नेमका तोच. त्या सुराला कपाटाचं दार साथ धरतं, आतले हँगर ठेका देतात. खोली सव्वाआठ फुटांची असेल तर गंमत आणखी वाढते: काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा, तो बरोबर त्या मापात बसतो. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली की खर्ज पोटात घुमतो, खोलीच्या मधोमध आणली की तानपुऱ्याची एक तार काढून नेल्यासारखं वाटतं. याचा दोष रीतीप्रमाणे अ‍ॅम्पवर ठेवावा आणि नवा आणावा. खर्ज तिथेच राहील. खुर्ची दोन फूट सरकवल्याने तो सुधारतो खरा, पण त्याची पावती मिळत नाही आणि कुणाला दाखवता येत नाही.

२०० वॅटवाला आणलाच असेल तर एक सूचना. लहान खोलीत त्याचा नॉब घड्याळातल्या नऊच्या पुढे कधी जाणार नाही. स्वस्तातल्या व्हॉल्यूम कंट्रोलचे डावे-उजवे नेमके तिथेच जुळत नाहीत. रात्री हळू लावलं की गायक उजवीकडे सरकून बसतात.

शेवटी खरेदी. लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, दुकानात वाजतो तो दुकानाचा स्पीकर आणि दुकानाची खोली. अ‍ॅम्प दोन दिवस घरी न्यायला मागा. नाहीच दिला तर स्वतःचे स्पीकर रिक्षात घालून तिकडे न्या, मात्र रिक्षावाल्याला वॅट सांगू नका. तो लगेज लावेल.